चढाला बंद पडणारी मोटार

१

पसरणी घाटातलं तिसरं वळण आलं आणि गाडी खोकली. दोन आचके देऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मागच्या सीटवर माझी बायको धोंडुबाई दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती. ओठ निळे पडायला लागले होते. सकाळचे सात वाजले होते, पंच्याहत्तर सालचा जानेवारी, खाली वाईवर धुकं साचलेलं.

माझं माधवनगरला बारा मागांचं शेड. वीस वर्षं कापसाच्या धुळीत काढल्यावर धोंडुबाईची छाती धरली. डॉक्टरांनी पाचगणीची हवा सांगितली. एसटीचा प्रवास तिला झेपेना, म्हणून आदल्या वर्षी मी ही चार दारांची जुनी मोटार घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हता.

त्या वर्षभरात गाडीनं मला रडवलं. पेट्रोलचा पंप दोनदा बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर तीनदा उघडून धुतला. सांगलीचा गुंडा मिस्त्री दर वेळी म्हणायचा, "शेठ, आता बघा, घोड्यावानी पळंल." गाडी पळायची. आणि महिन्याभरात पुन्हा कुठंतरी उभी राहायची.

कोंडीबा ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, गार व्हावा म्हणून पंपावर ओलं फडकं टाकलं. नेहमीचा उपाय. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी चालू व्हायचीच. तेवढ्यात त्यानं पंपाची काचेची वाटी काढली आणि तो थबकला. वाटीच्या तळाशी दोन धागे गोल होऊन पडले होते, एक लाल, एक काळा.

"हे पेट्रोलमध्ये आलं कुठनं?" मी विचारलं.

"मला ठावं न्हाई, मालक."

मागच्याच महिन्यात गुंडा मला म्हणाला होता, "गाडीत खोट न्हाई शेठ. गाडीवर हात कुणाकुणाचा पडतोय, त्ये बघा." ते शब्द मला तिथं घाटात आठवले. गाडीवर हात पडायचा तो कोंडीबाचाच. मागं धोंडुबाईच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"चावी ठेव आणि चालता हो," मी म्हणालो.

कोंडीबानं वाटी परत बसवली, बॉनेट लावून चावी त्यावर ठेवली.  वाईच्या दिशेनं उतरत गेला.

गाडी चालू झाली आणि मीच ती कशीबशी वर नेली. डॉक्टरांनी धोंडुबाईला सुई दिली, म्हणाले, "आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो."

दुपारी तिनं डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, "कोंडीबा कुठाय?"

मी सांगितलं.

"त्यानं न्हाई केलं," ती म्हणाली. तिला बोलायला त्रास होत होता, तरी बोलली. "गेल्या खेपेला गाडी उभी ऱ्हायली तवा माझ्यासाठनं दरीत उतरून पाणी आणलंवतं त्यानं. कुणी केलं त्ये हुडका. पर त्यानं न्हाई."

२

धोंडुबाईला पाचगणीच्या दवाखान्यातच ठेवून संध्याकाळी परतताना साताऱ्याला पोवई नाक्याजवळ मोटारी दुरुस्त करणाऱ्या हरिबाच्या शेडपुढं गाडी थांबवली. हरिबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, लष्कराच्या वर्कशॉपात बावीस वर्षं काढलेला, औंधाकडचा. मिशी पांढरी, बोलणं मोजकं.

त्यानं गाडीकडं पाहिलं आणि हातातला पान्हा खाली ठेवला. "ही तर मास्तरांची गाडी."

"कुठले मास्तर?"

"पाचगणीचं. वारलं बिचारं. सहा वर्सं त्यांची हुती, मीच बघायचो. पुढं पाटलांनी नेली."

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता बॉनेट उघडेल. त्यानं ते उघडलंच नाही. बाकडं पुढं सारलं, चहा मागवला.

"कितींदा बंद पडली?"

"पाच वेळा. तीनदा पसरणीत, एकदा खंबाटकीत, एकदा जोतिबाला जाताना."

"तवा तोंड कुठं हुतं गाडीचं? चढाला का उताराला?"

मी आठवलं. "चढाला. दर वेळी."

"माधवनगरात? मिरजंला?"

"सपाटीला कधीच नाही."

"घाटात तापते म्हणून असेल," मीच पुढं म्हणालो. गुंडानं हेच सांगितलं होतं.

"आज सकाळी थंडीत तापली?" हरिबानं चहाचा घोट घेतला. "आवं, मास्तर दर शनवारी वाईला उतरायचं आन ऐतवारी चढायचं. चैतात बी, वैशाखात बी. सहा वर्सांत एकदा बी उभी ऱ्हायली न्हाई. गाडी तीच, घाट तोच. मग मदी काय तरी घडलंय."

मी खिशातून काडेपेटी काढली. ते दोन धागे मी तिच्यात ठेवले होते. हरिबानं ते उजेडात धरले आणि परत माझ्या हातात दिले. "हे तुमचं काम. सूत कसलं सांगा."

मी लाल धागा ओढून पाहिला, काळ्याचा पीळ उलगडला. मागावर जन्म गेला माझा. लाल धागा रेशमी होता, काळा सुती, दोन्ही हातमागाचे. 

"हवालदार, हे पुसायच्या फडक्याचं सूत नव्हे. हा खण आहे. सीमेपलीकडनं येतो, गुळेदगुडचा. बायका ह्याची चोळी शिवतात."

३

दुसऱ्या दिवशी हरिबा माझ्याबरोबर सांगलीला आला. गुंडा मिस्त्री गाडीखाली झोपून काम करत होता. हरिबाला पाहून बाहेर आला, हात पुसत उभा राहिला.

"असलं धागं तुला कवा घावलं हुतं का रं?" हरिबानं विचारलं.

गुंडानं माझ्याकडं बघणं टाळलं. "दोनदा घावलं. मला वाटलं माझ्याच फडक्याचं."

"आन कॉइल? ती खरंच जळलीवती?"

 गुंडानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"न्हाई," तो शेवटी म्हणाला. "शेठ, तुमचं नुकसान केलं मी. पर लबाडी न्हवती. मला रोग घावतच न्हवता. घावत न्हाई म्हणायची लाज वाटली. येक बदलून बघितलं, मग दुसरं. आन डायवरावर बोललो त्ये बी तसंच. स्वतःचं अडाणपण झाकाया."

मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. तेवढ्यात हरिबा म्हणाला, "तू हात लावायच्या आदी गाडी बंद पडायची का न्हाई, त्ये ठावं हाय?"

"व्हय. गाडी पयल्यांदा आली तवाच तिच्या येका जुन्या मिस्त्रीला इचारलं मी. नानासो पाटलांकडं बी बंद पडायची म्हणं. त्यांनी दोन मिस्त्री बदललं."

हरिबानं माझ्याकडं पाहिलं. गाडी विकताना नानासोनं मला सांगितलं होतं, देवाशपथ, एक दिवस तक्रार नाही.

४

नानासोचं गाव कृष्णेकाठी, वाळव्याकडं. पन्नास एकर ऊस, दारात ट्रॅक्टर. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला, पण माणूस नाकबूल जाणारा नव्हता.

"खोटं बोललो मी," तो म्हणाला. "दोन मिस्त्री झालं, पुण्यातनं पंप आणला, उपेग न्हाई. म्हटलं, जाऊ दे दुसऱ्याच्या गळ्यात. चुकलं माझं."

"पयल्यांदा कवा बंद पडली?" हरिबानं विचारलं.

"चांगलं ध्यानात हाय. एकाहत्तरचा वैशाख. माझा भाऊ नाथाजी फौजंत हाय, त्येचं लगीन झालं. नवरा-नवरीला घिऊन जोतिबाला निघालो आन डोंगर चढताना उभी ऱ्हायली. त्या लग्नात समदं इपरीतच झालं बघा. नथ बी गेली."

"कसली नथ?"

"नव्या नवरीला घालायची म्हणून काढलीवती. सात मोत्यांची. अक्षता पडायच्या आदल्या सांजंला बघतो तर डबी रिकामी. समद्यांच्या पेट्या झाडल्या, बायकांच्या कमरंच्या वट्या बघितल्या, घरकामाच्या रंगूबाईचं खोपाट उकरलं. कापडं काढून ठेवायचं काम तिच्याकडं हुतं, दुसरं कोण घेणार?"

"घावली?"

"न्हाई. पर गावानं तिला वळखलं. ऱ्हायली न्हाई मग, पोरीला घिऊन गेली. सांगलीच्या पेठंत हळद निवडती आसं ऐकलंय."

आतल्या दारात नानासोची बायको हरणाबाई चहाच्या कपबश्या घेऊन उभी होती. एक बशी वाजली. तिनं कप ठेवले आणि मला विचारलं, "भाऊ, गाडी हाय न्हवं तुमच्याकडंच? मोडीत न्हाई न्हवं घालणार?"

नानासो हसला. "हिचा त्या गाडीत लय जीव. इकायला काढली तवा दोन दिस जेवली न्हाई."

"वैनी लय फिरायच्या वाटतं गाडीतनं?" हरिबानं सहज विचारलं.

"छ्या! हिला गाडी लागती. चार वर्सांत येकदा बी बसली न्हाई."

 बाहेर आल्यावर हरिबा गाडीचं दार उघडून म्हणाला, "येत्या ऐतवारी पसरणीला जायाचं. पर मला चांगला डायवर पायजे. घाट उलटा चढवायचाय."

"उलटा म्हणजे?"

"रिव्हर्समदी. शेपूट वर, तोंड खाली. तुमाला जमंल?"

मला जमणार नव्हतं. असं काम करू शकणारा एकच माणूस मला माहीत होता.

५

कोंडीबा मिरजेच्या वेशीवर भावाच्या घरी होता. मी दारात उभा राहिलो. त्यानं घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि मी बोलायची वाट पाहिली.

"तुझी गरज आहे," मी म्हणालो.

"कामाचं मागनं बघू, मालक. त्या दिशी तुमी म्हणालात मी केलं. आज काय म्हणताय?"

त्याची म्हातारी आई, भाऊ, वहिनी, सगळे ऐकत होते. खरं बोलल्याशिवाय तिथून उठणं शक्य नव्हतं.

"कोंडीबानं काही केलं नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

त्यानं मान हलवली आणि पायताण घालायला गेला.

रविवारी वाईला हरिबानं टाकी काठोकाठ भरून घेतली. आधी गाडी सरळ चढवली. तिसऱ्या वळणावर ती नेमानं बंद पडली. कोंडीबानं सवयीनं ओलं फडकं उचललं, तर हरिबानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. नुसतं बसा."

आम्ही कठड्यावर बसलो. बारा मिनिटांनी कोंडीबानं चावी फिरवली. गाडी चालू झाली, फडक्याशिवाय.

"म्हणजे चार वर्सं समद्यांनी फडक्याला नमस्कार घातला," हरिबा म्हणाला. "गाडी नुसती थांबली की आपसूक बरी व्हती. आता फिरव उलटी."

कोंडीबानं मान मागं वळवली, एक हात सीटवर टाकला आणि गाडी रिव्हर्समध्ये वर घ्यायला सुरुवात केली. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं आम्हाला शिव्या दिल्या. इंजिन किंचाळत होतं, तापलेल्या तेलाचा वास सुटला होता. उष्णतेनंच बंद पडायची असती तर ती त्या दिवशी पन्नास पावलांत पडली असती. तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. पाचवं गेलं. गाडी थांबली नाही.

वर सपाटीला आल्यावर हरिबानं जमिनीवर काडीनं टाकी काढून दाखवली. "पेट्रोल वढायची नळी टाकीच्या मागल्या अंगाला, तळाशी. सरळ चढताना टाकीतलं समदं मागं घरंगळतंय. उलटं चढताना फुडं. टाकीत काय तरी हाय. चढाला नळीच्या तोंडाला चिकटतंय, इंजिन थांबलं की सुटतंय. नवं पंप टाकून त्येला काय व्हनार?"

साताऱ्याला येऊन त्यानं पेट्रोल उपसलं, डिकीखालून टाकी सोडवली. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. तारेचा आकडा करून तो अर्धा तास ओढत बसला. शेवटी टाकीच्या तोंडातून एक पुरचुंडी बाहेर आली. विटलेला, झिजलेला, लाल-काळ्या खणाचा तुकडा.

मी गाठ सोडली. आत सात मोत्यांची नथ होती.

६

"रंगूबाईनं लपवली म्हणायची," कोंडीबा हळूच म्हणाला.

"इच्यार कर," हरिबा म्हणाला. "चोरानं इकायला नेली आसती. टाकीत टाकली तर चोराला काय घावणार? टाकणाऱ्याला पैशाचा सोस न्हवता. दुसरीच्या नाकात जाऊ नये, येवढंच पायजे हुतं. झडती चालू झाली तवा वाड्याभायेर जायाची सोय नसलेलं माणूस हाय हे. दारात गाडी हुबी, नानासो डब्यातनं पेट्रोल वततो त्ये रोज बघणारं. मागनं काढता येईना म्हणून गाडी इकताना जेवण सोडणारं." तो थांबला. "ज्या माणसाला गाडी लागती, त्येचा गाडीत जीव कशाला आसंल?"

आम्ही तिघंही उत्तर ओळखून होतो. 

दुसऱ्या दिवशी दुपारी नानासोच्या वाड्याच्या पुढच्या सोप्यात हरिबानं पुरचुंडी हरणाबाईपुढं ठेवली. "वैनी, ही तुमची."

नानासो उठून उभा राहिला. हरणाबाई मात्र खाली बसली. खणाच्या तुकड्यावरून तिनं बोट फिरवलं.

"माझ्या आईची नथ," ती म्हणाली. "ती मरताना नाकातनं काढून माझ्या हातात दिलीवती. ह्यांनी न इचारता माझ्या पेटीतनं काढली. पाहुण्यास्नी शबूद दिलावता म्हणं. मी म्हटलं, माझ्या आईची हाय. तर म्हणालं, दागिना घरातला आन घर माझं."

नानासो काही बोलायला गेला. हरिबानं नुसता हात वर केला.

"मी परत घेतली, कमरंला लावली. मग वट्या बघाया लागले. गोठ्याकडं गेले, गाडी दिसली. आडात टाकल्यावानी टाकली. वाटलं, दोन दिसांनी काढू. आन रंगूचं नाव आलं. मला वाटलं, तिच्याकडं घावणार न्हाई, मग सुटंलच ती. सुटली न्हाई. रोज म्हणायची, आज सांगते. आज सांगते. आन तिची पोर घिऊन ती वाटंला लागली तवा मी माडीवरनं बघत हुते." तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला. "गाडी बंद पडती म्हणून कुणाचा जीव जातुया का काय, ह्ये बी रोज मनात यायचं."

मला धोंडुबाईचे निळे ओठ आठवले. रागावायला हवं होतं. पण ती बाई चार वर्षं एकटी हे घेऊन त्या घरात वावरली होती, आणि तिच्या आईची वस्तू तिला स्वतःच्या घरात चोरावी लागली होती.

नानासो खाली बसला. "मला येकदा सांगायचं हुतंस," तो म्हणाला.

"सांगितलं हुतं की," हरणाबाई म्हणाली. "आदीच्या दिशीच सांगितलं हुतं."

 ती उठली, नथ मुठीत घेतली आणि मला म्हणाली, "भाऊ, मला सांगलीला घिऊन चला."

७

गाडीत तिला दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा तोंड धुऊन ती पुन्हा आत बसली.

पेठेतल्या एका वखारीत दहा-बारा बाया हळकुंडं निवडत होत्या. हात, पाय, भुवया, सगळं पिवळं. रंगूबाईनं हरणाबाईला पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. उठली नाही.

हरणाबाईनं तिथंच, त्या बायांसमोर, सगळं सांगितलं. मग मूठ उघडून नथ पुढं केली. "तू घे. माझ्याकडं द्यायाला ह्याच्याबिगर माझं असं काय न्हाई."

रंगूबाई त्या मोत्यांकडं बघत राहिली. 

"नथ नगं मला," ती म्हणाली. "आईची हाय, तुमच्याच नाकात शोभंल. हितं सांगून काय उपेग? ह्या बायास्नी मी चोर हाय ह्ये ठावंच न्हवतं. जिथं म्हणालात तिथं बोला."

"कवा येतीस?" हरणाबाईनं विचारलं.

"बाजाराच्या दिशी. समदे आसतात तवा."

गुरुवारी नानासोच्या गावात बाजार भरला होता. चावडीसमोर भाजीवाल्या, मेंढरं घेऊन आलेले धनगर, उसाच्या पट्ट्यातली माणसं, अशी गर्दी होती. नानासो चावडीच्या पायरीवर उभा राहिला. त्याला बोलायचं होतं, तशी त्यानं तयारी केली होती. हरणाबाई म्हणाली, "तुमी नगं. मी बोलते." पाटलाच्या घरची बाई बाजारात तोंड उघडते म्हटल्यावर लोक आपोआप गप्प झाले.

ती फार बोलली नाही. "नाथाजीच्या लग्नात नथ गेली ती मी घेतलीवती. रंगूबाईनं न्हाई. मी गप ऱ्हायले आन तुमी समद्यांनी तिला चोर म्हटलं. ती चोर न्हवती."

कुणी खाकरलं. एक म्हातारी रडायला लागली. ज्यानं रंगूबाईचं खोपट उकरलं होतं तो कोतवाल डोक्याचं मुंडासं काढून हातात घेऊन उभा राहिला.

रंगूबाईनं पदर सारखा केला. ती बाजाराच्या मधून चालत गेली, अगदी सावकाश, एकेकाच्या तोंडाकडं बघत. वाट आपोआप होत गेली. खालच्या अंगाला तिचं जुनं खोपट होतं, आता नुसत्या भिंती. तिथं ती थोडा वेळ उभी राहिली. मागोमाग आलेला नानासो म्हणाला, "बाई, घर बांधून देतो. परत ये."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. भिंतीवर हात ठेवून ती हरणाबाईशी बोलली, "माझी पोर औंदा सातवीला हाय, तिची शाळा मदीच कशाला मोडू? पर गावच्या यमाईच्या जत्रंला येईन. तुमच्याकडं उतरंन."

"ये," हरणाबाई म्हणाली. "मी वाट बघंन."

मग रंगूबाई गाडीकडं आली. कोंडीबानं पुढचं दार उघडून धरलं. ती बसली, पाय आत घेतले आणि म्हणाली, "चला. उद्या सकाळी हळदीची गाडी उतरायची हाय, मुकादम माझ्यासाठनं थांबणार न्हाई."